'आप्त समालोचक' म्हणजे नेमका कोण?

खानापूरकर: काकांना धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे तिथल्या मानसिक आरोग्य संस्थेत दाखवलं. डॉक्टर म्हणाले, गोळ्या चालू राहू देत, पण बेळगावातच एखादा सायकियाट्रिक सोशल वर्कर बघा, घरच्यांशीही बोलेल. शोधताना एके ठिकाणी कन्नड पाटी दिसली, 'आप्त समालोचक'. काकूला वाचून दाखवली तर म्हणते, "आप्तांचं समालोचन? भावकीत ते फुकटच चालतंय की!" हाच का तो माणूस? आणि काकूला मराठीत काय सांगू?

टिळकवाडी: नाही. तो समुपदेशक. तुम्हाला हवाय तो एमएसडब्ल्यूनंतर, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीनंतर, दोन वर्षांचं एमफिल केलेला. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात त्यांचा वेगळा उल्लेख आहे. मराठीत मनोविकार सामाजिक कार्यकर्ता म्हणा.

निपाणीची सून: कार्यकर्ता म्हटलं की आमचे मामंजी विचारणार, कुठल्या पक्षाचा? समाजसेवक म्हणावं तर तो वाढदिवसाच्या बॅनरवर. महाराष्ट्रात सरकारी दवाखान्यात 'समाजसेवा अधीक्षक' असतात, ते काय वाईट आहे?

जुना मास्तर: अधीक्षक म्हटलं की वसतिगृह आठवतं. पण कन्नड शब्दाला हसू नका. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, आप्त म्हणजे ज्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा असा माणूस, म्हणून तर आप्तवाक्य प्रमाण. त्याला नातेवाईक आपण केलं. समालोचनात लोच् धातू आहे, नीट बघणं. त्याला क्रिकेटच्या मैदानावर आपणच नेऊन बसवलं.

टिळकवाडी: मास्तर, व्युत्पत्ती कबूल. पण काकू न्यायशास्त्र वाचून पाटी बघणार आहेत का? समुपदेशक रुळलाय, तो का सोडायचा?

जुना मास्तर: त्यात उपदेश आहे म्हणून. उपदेश करायला घरात माणसं कमी आहेत? ही मंडळी ऐकून घेतात.

चिकोडीवाला: आमच्यात सगळे 'मंगळवारच्या मॅडम' म्हणतात. तालुक्याच्या दवाखान्यात मनोचैतन्य या सरकारी मानसिक आरोग्य योजनेचा मंगळवार असतो, तिथल्या. केसपेपर काढणाऱ्या पोराला पदनाम विचारलं तर तोही म्हणाला, "मॅडमच की."

खानापूरकर: मॅडम चालतील. पण काका रागावले की मराठीशिवाय दुसरं बोलत नाहीत. मॅडमना मराठी येतं का?

निपाणीची सून: तोवर टेली-मानसला, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावून बघा, तिथं मराठीतून बोलता येतं.

जुना मास्तर: 'मानस' बघा कसा आहे! आपल्याकडे 'जायचा मानस आहे' म्हणजे बेत.

चिकोडीवाला: कन्नडमध्ये मनस्सु म्हणजे मन. 'मनस्सु माडु' म्हणजे मनावर घे.

टिळकवाडी: मनावर घेणं आपल्याकडून तिकडं गेलं की तिकडून इकडं आलं?

खानापूरकर: अहो, मॅडमना मराठी येतं का तेवढं सांगा की कुणीतरी.

जुना मास्तर: तिकडूनच आलं असणार. सांगतो कसं ते.