मदत हवी आहे: क्रूसाचा सण आणि शेजारच्या काकांची रात्र

वसईतल्या आमच्या ख्रिस्ती आळीत मे महिन्यात आळीतल्या क्रूसाचा सण असतो. पूर्वी लदीन (क्रूसापुढची सामूहिक प्रार्थना) आणि उकडलेले चणे, एवढ्यावर भागायचं. आता मंडप, रोषणाई, बॅन्ड, आणि घरटी ठरलेली वर्गणी. क्रूसाजवळच्याच घरात अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले काका आहेत. काकू एकट्या. रात्री दर दोन तासांनी काकांची कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात.

सणाच्या बैठकीत मी रोषणाई कमी करून ते पैसे काकांजवळ रात्री थांबणाऱ्या माणसासाठी देऊया म्हटलं. ‘क्रूसाच्या नावाने घेतलेले पैसे दुसरीकडे वळवता येत नाहीत,’ असं उत्तर आलं, आणि ते पटण्यासारखंही आहे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या चर्चमधल्या मदत संस्थेकडून रेशन येतं, रात्री थांबणारा माणूस नाही. फादरांनी आळीवरच सोपवलंय. सण बंद करा असं माझं मुळीच म्हणणं नाही. म्हाताऱ्यांचा जीव आहे त्यात.

काकूंची एकच अट: माइकवरून नाव नको, फोटो नको. बायबलमध्ये मत्तयच्या 6व्या अध्यायात तेच आहे, उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये (आणि आमच्याकडे देणगीदारांचा बॅनर लागतो!).

तुमच्या आळीत कोणी सणापासून वेगळी, निनावी पाकिटं फिरवली आहेत का? की पाळ्या लावून शेजारीच रात्री थांबतात? कूस बदलायला त्यांना कोणी शिकवलं, आणि पैशांचा हिशेब कोणाकडे असतो?