नाशिकच्या वाईनमध्ये करिअर: सगळ्यांना वाईनमेकरच का व्हायचंय?

गोडीछाटणी
दिवाळी झाली की नाशिकच्या पोरांचा एकच प्रश्न सुरू होतो. मायक्रोबायोलॉजी किंवा अ‍ॅग्री झालंय, वाईनमेकर व्हायचंय, एम.एस्सी. करू की डब्ल्यूएसईटी, म्हणजे वाईन चाखण्या-ओळखण्याचा तो परदेशी कोर्स?

माझं मत सरळ आहे: दोन्ही थांबवा, बाग धरा. वायनरी कितीही मोठी असो, मुख्य वाईनमेकर एकच. तो हलत नाही तोवर खालचे तिथेच. याउलट वाईनचं द्राक्ष कळणारा, शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन त्याच्या भाषेत बोलणारा माणूस दिंडोरी-निफाडपासून इगतपुरीपर्यंत सगळ्यांना हवा असतो आणि मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, नाशकात द्राक्ष कोणाला कळत नाही? टेबल द्राक्ष, म्हणजे खायचं, ते कळतं. तिथे जीए, म्हणजे वाढीचं संजीवक, देऊन मणी फुगवायचा, घड दिसायला भरदार करायचा. वाईनला मणी लहानच हवा, कारण रंग आणि टॅनिन सालीत असतात आणि मणी फुगला की सालीच्या मानाने रस वाढतो. थॉमसन या टेबल द्राक्षावर हात बसलेला माणूस शिराझ या वाईनच्या द्राक्षाच्या वेलीवरही जास्त घड ठेवतो, मग मार्च उजाडला तरी ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, २१ वर अडकलेलं असतं.

कामही बारा महिन्यांचं आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर ४० ते ६० दिवसांत डोळ्यात घडनिर्मिती होते. त्या काळात नत्र आणि पाणी जास्त झालं, वर हवा ढगाळ राहिली, तर ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, नुसत्या फुटी येतात आणि घड जिरतात. वायनरीचं जानेवारीचं टनेज मे-जूनमध्ये ठरतं. ते आधी सांगू शकणाऱ्या माणसाला कोणी काढत नाही.

पीएच_३_४
दादा, बागेबद्दल बरोबर. पण "एम.एस्सी. थांबवा" हा सल्ला धोकादायक आहे.

सेलरमध्ये, म्हणजे वाईन बनते त्या टाक्यांपाशी, रसायनशास्त्र येत नसेल तर काय होतं, एकच उदाहरण घ्या. १०,००० लिटर रसाला जंतू आवरायला ५० पीपीएम, म्हणजे लिटरमागे ५० मिलिग्रॅम, सल्फर डायऑक्साइड द्यायचा आहे. म्हणजे ५०० ग्रॅम. पण आपण टाकतो पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, आणि त्यात सल्फर डायऑक्साइड असतो साधारण ५७ टक्के. म्हणजे पावडर लागते सुमारे ८७० ग्रॅम. नुसती ५०० ग्रॅम टाकली तर रसाला मिळाले २९ पीपीएम. पुडा गेल्या हंगामातला, तोंड उघडं राहिलेला असेल तर त्याहून कमी.

आता पीएच धरा. जंतूंना आवरणारा भाग म्हणजे मॉलिक्युलर सल्फर, तो ०.८ पीपीएम ठेवायचा तर ३.३ पीएचला फ्री, म्हणजे मोकळा राहिलेला, सल्फर २५-२६ पुरतो, ३.६ ला ५० लागतो, ३.८ ला जवळजवळ ८०. आपल्याकडे फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा तापला की वेलीवरच आम्लता उतरते, पोटॅशियम चढतं आणि रेड ३.८ च्या आसपास येऊन बसते. अशा वेळी "नेहमीचा डोस" टाकणारा माणूस ब्रेटला, म्हणजे वाईन नासवणाऱ्या यीस्टला, आमंत्रण देतो. टार्टारिक घालून पीएच आणायचा तर लिटरमागे एक ग्रॅमने साधारण ०.१ उतरतो, म्हणजे त्याच टाकीला १० किलो, आणि तेही फर्मेंटेशनच्या आधी.

हे हंगामात बघून शिकता येत नाही, कारण तेव्हा समजावून सांगायला कोणाला वेळ नसतो. पुण्याला मांजरीत वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही तिथेच आहे. घरापासून पाच तासांवर एवढं असताना पोरांना नुसतं कॅरेट उचलायला का पाठवायचं?

सेलर_रात्रपाळी
मांजरीला जा, पण पदवीवाल्याला पहिल्या दिवशी काय दिलं जातं माहीत आहे? होज पाइप. सेलरचं निम्म्याहून जास्त काम धुण्याचं. गरम कॉस्टिक २ टक्के, मग पाणी, मग सायट्रिक, मग पुन्हा पाणी. क्लोरीन आत आणायचंच नाही, लाकूड आणि कॉर्कला लागलं तर बुरशी त्याचं टीसीए नावाचं रसायन करते आणि वाईनला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो.

शिवाय टाकी वाचायला पुस्तक पुरत नाही. पांढरी वाईन १४-१५ अंशांवर आंबतेय, ब्रिक्स रोज दीड-दोनने उतरतंय, आणि अचानक दिवसाला अर्धा. का? यीस्टला नायट्रोजन कमी पडला असेल. यीस्ट भिजवताना पाणी चाळीसच्या वर गेलं असेल, किंवा भिजवलेलं यीस्ट थेट १२ अंशांच्या रसात ओतलं असेल. दोन्हींत दहा अंशांपेक्षा जास्त फरक असला की यीस्टला झटका बसतो. किंवा चिलरवाल्याने सेटपॉइंट खाली ओढून ठेवला. सडक्या अंड्याचा वास आला तर आधी नायट्रोजनचा आकडा बघा, मग बागेला फोन करून विचारा की गंधकाची शेवटची फवारणी कधी झाली. तोडणीआधी पाच-सहा आठवडे गंधक थांबलं नसेल तर तो वास तिथून आलाय. इथे गोडीछाटणी भाऊंचा मुद्दा मान्य.

गोडीछाटणी
मान्य केलात, आता पुढे ऐका. गंधक थांबवलं की भुरी, हा बुरशीचा रोग, येते, म्हणून शेतकरी थांबवत नाही. त्याला पर्याय देणारा, पानं विरळ करून घडापाशी हवा खेळवणारा माणूस लागतो. लॅबमधून ईमेल पाठवून हे होत नाही.

पंचवटी_एक्सप्रेस
तुमची तिघांची बाटली विकणार कोण?

राग मानू नका, पण या चर्चेत सगळे टाकीपाशी येऊन थांबतात. एक टन द्राक्षातून साधारण ६५० लिटर वाईन, म्हणजे साडेआठशेच्या वर बाटल्या. त्या नाशकात खपत नाहीत. मुंबई, पुणे, बंगळूर, गोवा, दिल्ली. प्रत्येक राज्याची एक्साइज वेगळी, लेबल नोंदणी वेगळी, किंमत मंजुरी वेगळी. महाराष्ट्रातच एफएल-टू म्हणजे दुकान आणि एफएल-थ्री म्हणजे परमिट रूम, दोन्हींचे खरेदीदार, मार्जिन, उधारी वेगळी. जाहिरात थेट करता येत नाही, म्हणून हॉटेलच्या वाईन लिस्टमध्ये शिरणं हाच मार्ग. बी.कॉम.वालाही हे काम करतो आणि पगार सेलरपेक्षा लवकर वाढतो.

२००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाईन पार्क झाला, वायनऱ्या भराभर उभ्या राहिल्या. २००८ ची मंदी आणि २६/११ नंतर हॉटेलं ओस पडली, टाक्या भरलेल्याच राहिल्या, आणि लोकांनी वाईनच्या वेली उपटून पुन्हा टेबल द्राक्ष लावलं. वाईन वाईट नव्हती हो, गिऱ्हाईक नव्हतं. जानेवारी २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विक्रीचा निर्णय घेतला, विरोध झाला आणि तो मागे पडला. अशा एका निर्णयावर या धंद्यातल्या किती नोकऱ्या टांगलेल्या असतात, हे वाईनमेकर व्हायला निघालेल्यांनी आधी बघावं.

वर ऑस्ट्रेलियाशी करार आहे. डिसेंबर २०२२ पासून पाच डॉलरच्या वरच्या बाटलीवरचं आयात शुल्क १५० वरून १०० टक्के, पंधरा डॉलरच्या वर ७५, आणि दहा वर्षांत अनुक्रमे ५० आणि २५. शेल्फवर शेजारी कोण येऊन उभं राहणार, हे विक्रीतल्या माणसाला आधी कळतं.

टेस्टिंगरूम
पंचवटी भाऊ, नाशकात खपत नाही हे अर्धंच खरं. शनिवार-रविवारी गंगापूर धरणाच्या बाजूच्या वायनऱ्यांपाशी गाडी लावून दाखवा.

येणाऱ्यांना वाईन चाखवतात त्या टेस्टिंग रूममध्ये हिशेब नीट येणारा माणूस दुर्मीळ आहे. सहा वाईन, प्रत्येकी ३० मिलि, म्हणजे माणशी १८० मिलि, जवळजवळ पाव बाटली. ओतणाऱ्याचा हात सैल असेल आणि ३० चे ४० झाले तर चौघांमागे बाटलीचा तिसरा हिस्सा फुकट जातो. सोमवारी उघडलेली पांढरी गुरुवारी ओतली तर येणारा मनात ठरवूनच जातो की देशी वाईन अशीच. त्यात रेड "रूम टेंपरेचर"ला द्यायची हे कुठेतरी वाचलेलं असतं. नाशिकच्या एप्रिलची रूम ३४ अंशांची असते! रेड १६ ते १८ वर द्या, म्हणजे आधी फ्रिजमध्ये ठेवून.

आणि डब्ल्यूएसईटीला उगाच नावं ठेवू नका. लेव्हल टू म्हणजे ५० बहुपर्यायी प्रश्न, चाखण्याची परीक्षाच नाही, त्यावर कोणी तज्ज्ञ होत नाही. लेव्हल थ्रीला लेबल न दाखवता दोन वाईन समोर ठेवतात आणि लेखी उत्तरंही असतात. हॉटेलमध्ये, आयातदाराकडे, क्रूझवर तेच कागद मागतात. भारतातल्या पहिल्या मास्टर ऑफ वाईन सोनल हॉलंड यांना २०१६ मध्ये तो मान मिळाला, त्या कुठल्या वायनरीच्या वाईनमेकर नाहीत.

पीएच_३_४
सेलरमध्ये शिरायचं असेल तर मात्र डब्ल्यूएसईटीचे पैसे पाण्यात. त्यात टायट्रेशन नाही. रेड वाईनचा फ्री सल्फर रिपर पद्धतीने, म्हणजे आयोडीनच्या टायट्रेशनने, काढला की रंगद्रव्यंही आयोडीन खातात आणि आकडा खोटा चढा येतो, म्हणून एरेशन-ऑक्सिडेशनचं काचेचं उपकरण वापरायचं. हे त्यात कोण शिकवणार?

टेस्टिंगरूम
ते वाईन समजून घेण्यासाठी आहे, बनवण्यासाठी नाही. सुतारकामाच्या वर्गात गवंडीकाम शिकवत नाहीत म्हणून भांडण काढल्यासारखं झालं हे.

शेवटचं_वर्ष
मायक्रोच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन शंका. न पिणाऱ्याला यात जागा आहे का? घरी आजोबांच्या गळ्यात माळ आहे. आणि परदेशात हंगाम करता येतो म्हणतात, ते खरं का?

सेलर_रात्रपाळी
लॅब, बाग, एक्साइजची रजिस्टरं, बॉटलिंग, इथे न पिता आयुष्य निघतं. वाईनमेकरला चाखावं लागतं, पण चाखून थुंकतात. हंगामात दिवसाला चाळीस टाक्या चाखणारा गिळत बसला तर दुपारी कामाचा राहणार नाही. घरच्यांचं मात्र तुलाच बघावं लागेल. स्थळं बघताना "दारूच्या कंपनीत" हा शब्द येतोच.

गोडीछाटणी
बागेतली एक गोष्ट, कोणी सांगत नाही म्हणून. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडची पेस्टिंग करतात, म्हणजे ते डोळ्यांना लावतात. ते अंगात गेलेलं असताना अल्कोहोल घेतलं तर चेहरा लाल होतो, छाती धडधडते, श्वास अडकतो, कारण शरीर अल्कोहोल पुढे मोडूच शकत नाही. हातमोजे, मास्क हवेतच. आणि पेस्टिंगच्या आधी-नंतर टेस्टिंग बंद, एक घोटही नाही.

परदेशाचं म्हणशील तर तिथे बागवाल्याची गोची आहे, हे कबूल. फ्रान्स, इटली, जॉर्जियाची तोडणी ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, नेमकी आपल्या गोडी छाटणीच्या वेळी. परतीच्या पावसात डाऊनी हा बुरशीचा रोग कोवळ्या पोंग्यावर टपलेला असताना बाग सोडून जाता येत नाही.

पीएच_३_४
हेच तर म्हणतोय! सेलरवाल्याला जाता येतं. नाशिकचं क्रशिंग जानेवारी ते मार्च, युरोप सप्टेंबर, म्हणजे एका वर्षात दोन हंगाम. न्यूझीलंडच्या मार्लबरोत जोर मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत, पण त्यासाठी इथला शेवट सोडावा लागतो आणि इथला साहेब पुढच्या वर्षी बोलावत नाही. तिकडे अर्ज आठ-नऊ महिने आधी, आणि फॉर्कलिफ्टचा परवाना असेल तर तुझ्या पदवीच्या आधी तो बघतात.

पंचवटी_एक्सप्रेस
आणि परत आल्यावर? वाईनमेकरची खुर्ची तरी एकच. गोडीछाटणींच्या पहिल्या मुद्द्याला अजून कोणी उत्तर दिलेलं नाही.

पीएच_३_४
उत्तर आहे. पर्यवेक्षक, लॅब प्रमुख, बॉटलिंग, क्वालिटी. शिवाय ब्रुअरी, डिस्टिलरी, ज्यूस, व्हिनेगर. यीस्ट आणि टाकी समजणारा माणूस वाईनपुरता अडकत नाही. शिराझची कॅनॉपी, म्हणजे वेलीवरच्या पानांचा पसारा, समजणारा अडकतो.

गोडीछाटणी
तो डाळिंबाच्या बागेत जातो, निर्यातीच्या द्राक्षात जातो. अडकत कोणी नाही.

सेलर_रात्रपाळी
शेवटचं_वर्ष, तू या भांडणात पडू नकोस. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बायोडेटा घेऊन स्वतः जा, ईमेल नको. सेलर हँड किंवा लॅब असिस्टंट, जे मिळेल ते घे. पगाराशिवाय तीन गोष्टी विचार: नेमणूक कंपनीची की कंत्राटदाराची, रात्री दोनला पाळी सुटली तर शहरापर्यंत गाडी आहे का, आणि सेलरमध्ये कार्बन डायऑक्साइडचा मीटर आहे का. एक लिटर रस पूर्ण आंबला की पन्नास लिटरहून जास्त वायू निघतो, हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाशी आणि गटारात साचतो. रेडच्या साली काढायला टाकीत उतरायचं असेल तर आधी पंखा, मग मीटर, मग बाहेर दोरी धरून दुसरा माणूस. एकजण आत पडला म्हणून दुसरा वाचवायला उडी मारतो आणि दोघेही जातात. मीटर नाही म्हणाले तर दुसरी वायनरी बघ, विंचूरपासून इगतपुरीपर्यंत भरपूर आहेत.