वडिलांच्या मधुमेहासाठी नवे डॉक्टर: जाताना काय न्यावे?

प्रश्न: माझे वडील (वय 68) गेल्या महिन्यात साताऱ्याहून कायमचे पुण्याला राहायला आले. सोळा वर्षे एकाच डॉक्टरांचे औषध असल्यामुळे फाइल अशी नाहीच. आहे ती मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड लिहिलेली, घडीवर फाटलेली चिठ्ठी. नव्या डॉक्टरांकडे काय न्यावे आणि तोवर गोळ्या चालू ठेवाव्यात का?

प्रतिसाद 1: डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या बंद करू नयेत. जुन्या डॉक्टरांना फोन करून आजाराचा सारांश मागून घ्यावा. त्यात संकोच कसला? एचबीएवनसी या रक्ततपासणीवरून मागच्या दोन-तीन महिन्यांतील साखरेचा अंदाज येतो, आणि मेटफॉर्मिनचा डोस मूत्रपिंडाच्या कार्यावर अवलंबून असल्याने क्रिएटिनिनचा अहवालही असू द्यावा. डोळ्यांचा पडदा वर्षभरात तपासला नसेल, तर तेही सांगावे.

प्रतिसाद 2: चिठ्ठीपेक्षा गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून न्यावीत, असे मी अनुभवाने सांगते. डॉक्टर बदलल्यावर आईला ग्लिमेपिराइडच दुसऱ्या कंपनीच्या नावाने मिळाले आणि ती जुनी-नवी दोन्ही घेत राहिली. चतुर्थीच्या उपवासाला संध्याकाळी तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. ग्लुकोमीटरवर 54 आकडा, म्हणजे साखर फारच उतरलेली, दिसताच साखरपाणी दिले. वडील उपवास करत असतील, तर पहिल्याच भेटीत अवश्य सांगा.

प्रश्नकर्ता: ते गुरुवार कडक पाळतात, हे सांगायचे माझ्या ध्यानातच आले नव्हते. आभार.