रॉकेटचा सांगाडा कुठे पडणार, हे आधी का सांगता येत नाही?

प्रश्न: ग्रहण सेकंदासकट सांगतात, मग सांगाडा पडण्याच्या वेळेला ‘अधिक-उणे सहा तास’ का? काल तीन अंदाज पाहिले, तिन्ही वेगळे.

उत्तर: ग्रहणाला हवा आडवी येत नाही हो! सूर्य खवळला की वरचं वातावरण फुगतं, सांगाडा लवकर उतरतो. त्यात तो कोलांट्या खात येतो, कधी आडवा, कधी उभा. घर्षण सतत बदलतं. उरलेल्या वेळेच्या साधारण २० टक्के चूक धरायचीच.

दुसरं उत्तर: वेग सेकंदाला साडेसात किमीच्या वर. दहा मिनिटं चुकली, की ठिकाण साडेचार हजार किमी सरकलं.

प्रश्नकर्ता: म्हणजे बारा तासांत आठ प्रदक्षिणा! मग नकाशावर तो लाल ठिपका कशाला?

उत्तर: ठिपका सोडा, रेघ बघा, म्हणजे तो ज्या भागांवरून जातो तो मार्ग. तियांगाँग-१ या चिनी अंतराळस्थानकाच्या कक्षेचा विषुववृत्ताशी कल ४३ अंश, म्हणून उत्तर-दक्षिणेला ४३ अक्षांशापलीकडचे निर्धास्त होते. पडलं २ एप्रिल २०१८ला, दक्षिण प्रशांत महासागरात.