राष्ट्रपती भवनातले घरचे पाहुणे: चहाचं बिल कोणी भरायचं?

वेताळटेकडी
राष्ट्रपती भवनाचं तिकीट काढून आत गेलात तर गणतंत्र मंडप (जुना दरबार हॉल) दिसतो, अशोक मंडप दिसतो, म्युझियम आहे, सीझनमधे अमृत उद्यान आहे. पण ३४० खोल्यांच्या त्या अवाढव्य घरात राष्ट्रपती स्वतः राहतात तो फॅमिली विंग काही दाखवत नाहीत, आणि दाखवूही नये असंच माझं मत आहे, कुणाच्या झोपायच्या खोलीत डोकवायची मला हौस नाही. माझा प्रश्न वेगळाय. तिथे घरचे म्हणून जे येतात, भाऊ, मेहुणे, गावाकडची मंडळी, त्यांच्या राहण्याखाण्याचा खर्च कोण करतं आणि त्याचा नियम तुम्हाआम्हाला वाचता येईल असा का नसावा?

कलाम सरांचा किस्सा बहुतेकांना माहीत असेल. मे २००६ मधे त्यांचे ५० च्या वर नातेवाईक रामेश्वरमहून दिल्लीला आले, थोरले भाऊ नव्वदीचे, आणि बरोबर पार लहान पोरंसोरं. आठवडाभर राष्ट्रपती भवनात राहिले. त्यांचे सचिव पी. एम. नायर यांनी नंतर सांगितलंय की सरांनी खोल्यांचं भाडं, जेवण, अगदी प्यायलेल्या चहाच्या कपापर्यंत सगळ्याचा हिशोब करायला लावला आणि साधारण साडेतीन लाख रुपये स्वतःच्या खिशातून भरले. एकही सरकारी गाडी नातेवाईकांसाठी वापरली नाही.

लोक हे वाचतात, डोळे पुसतात, फॉरवर्ड करतात, संपलं. मी म्हणतो एवढी मोठी गोष्ट त्या त्या माणसाच्या चांगुलपणावर का सोडायची? नियम करा. घरचा पाहुणा आला की बिल राष्ट्रपतींच्या नावावर. काय म्हणता?

खाजेवाला_मालवणी
म्हणतंय की तुमका दुसरो धंदो नाय 😄 देशाच्या राष्ट्रपतीकडे मामा इलो आणि तेका चाय पाजलो तर तेची पावती फाडूची? आमच्याकडे दारात इलेल्या माणसाक पाणी इचारतत, रेट कार्ड नाय दाखवनत.

वेताळटेकडी
@खाजेवाला तुमच्याकडे पाणी विचारतात ते तुमच्या विहिरीचं असतं ना पण.

लीगल_लिंबू
धागाकर्त्यांनी संविधान उघडून बघितलं असतं तर बरं झालं असतं. कलम ५९(३): राष्ट्रपतींना अधिकृत निवासस्थान भाडं न देता वापरायचा हक्क आहे. घर वापरणं म्हणजे काय, एकट्याने गादीवर बसून छताकडे बघणं? घरात माणसं येणार, राहणार, हे सगळं त्यात आलंच. कलाम सरांनी खोल्यांचं भाडं भरलं हा त्यांचा मोठेपणा होता, कायद्याने त्यांच्याकडे ते मागितलेलं नव्हतं.

दुसरं म्हणजे कलम ११२(३). राष्ट्रपतींचं वेतन, भत्ते आणि पदाशी संबंधित बाकीचा खर्च भारताच्या संचित निधीवर (सरकारच्या मुख्य तिजोरीवर) भारित असतो. भारित म्हणजे संसदेत त्यावर चर्चा होऊ शकते पण मतदान होत नाही. हे मुद्दाम तसं ठेवलंय, नाहीतर उद्या एखाद्या सरकारशी पटलं नाही की लगेच राष्ट्रपतींचा किराणा बंद. तुमचं चहाचं बिल वरवर निरुपद्रवी दिसतं, पण राष्ट्रपतींच्या स्वयंपाकघरात कोण किती वेळा जेवलं हे मोजायचा अधिकार कुठल्यातरी सचिवाच्या हातात द्यायचा, आणि तो सचिव नेमणार सरकार, हे धोकादायक आहे.

वेताळटेकडी
मतदान नाही, मान्य. हिशोबही नाही असं कुठल्या कलमात लिहिलंय? आणि भाडं माफ आहे ते राष्ट्रपतींना. मेहुण्याला नाही.

अमरावतीकर
मले एक सांगा, दरवेळी कलाम साहेबांचाच दाखला काहून देता बाप्पा? मोठा माणूस, वाद नाही. पण एकटा जीव. ना बायको ना लेकरं. दोन सुटकेसा घेऊन आले आन् दोन घेऊन गेले, हे एकट्या माणसाले जमते. आता घरी नवरा, पोरं, सुना, नातवंडं असलेल्या बाईले तोच गज लावून मोजता का? प्रतिभाताई २००७ ते २०१२ तिथे होत्या तं कोण आलं कोण गेलं याच्यावर टीव्हीवाले टपूनच बसले होते.

आन् आकडा बघा जरा. तेव्हा राष्ट्रपतीचा पगार महिन्याले ५० हजार होता. साडेतीन लाख म्हणजे सात महिन्यांचा पगार झाला, एका आठवड्याच्या पाहुणचारापायी! हा नियम झाला तं उद्या गरीब घरातून आलेला माणूस राष्ट्रपती झाला तं तो आपल्या भावाले सांगणार, येऊ नको रे, परवडत नाही. श्रीमंतच त्या घरात पाहुणे बोलवतीन. हे पाहिजे का तुम्हाले?

मीनल_नाशिक
+१ अमरावतीकर. हा सात महिन्यांचा हिशोब कधी कोणी सांगितलाच नव्हता.

वेताळटेकडी
पगाराचा मुद्दा चांगला आहे, पण तो २००६ चा. २०१८ पासून पगार महिना ५ लाख आहे. आणि प्रतिभाताईंचं म्हणाल तर पुण्यात लष्कराच्या जमिनीवर निवृत्तीनंतरचा बंगला होत होता त्यावरून २०१२ मधे केवढा गदारोळ झाला तो आम्ही पुणेकरांनी जवळून बघितलाय. माणूस मराठी आहे म्हणून प्रश्न विचारायचे नाहीत का?

अमरावतीकर
इचारा ना. पण त्यांनी तो बंगला सोडला हे पण लिहीत जा मंग. अर्धंच काहून लिहिता.

जर्सीची_वहिनी
इकडचं सांगते, कारण तुमचा अर्धा वाद इकडे कधीच होऊन गेलाय. व्हाईट हाऊसमधे दुसरा आणि तिसरा मजला म्हणजे राष्ट्राध्यक्षांचं घर. टूरला जाल तर खालचेच मजले दाखवतात, वर सोडत नाहीत. राहायला भाडं नाही, नोकरचाकर सरकारी, पण घरच्यांचं आणि खाजगी पाहुण्यांचं खाणं, ड्राय क्लीनिंग, टूथपेस्ट असल्या गोष्टींचं दर महिन्याला बिल येतं आणि ते राष्ट्राध्यक्ष स्वतःच्या पैशातून भरतात. सरकारी मेजवानी असेल तर ती सरकारची. नॅन्सी रेगन राहायला गेल्या तेव्हा हे बिल बघून चकित झाल्या होत्या. मिशेल ओबामा तर नंतर टीव्हीवर गमतीत सांगत होत्या की सहज म्हणून एखादं फळ मागावं आणि महिनाअखेर बिलात त्याची किंमत बघून डोळे पांढरे व्हावेत. म्हणजे @लीगल_लिंबू, राष्ट्राध्यक्षाच्या जेवणाची नोंद ठेवली की लोकशाही बुडते असं काही नाही, इकडे वर्षानुवर्षं ठेवतायत.

पण वेताळटेकडी तुमचंही पूर्ण पटत नाही मला. तुम्ही चहाच्या कपाच्या मागे लागलात. खरी भानगड पैशाची नसतेच, कोणाला बोलावलं ह्याची असते. वर लिंकन बेडरूम आहे, पाहुण्यांसाठीची (लिंकन तिथे कधी झोपले नाहीत बरं का, त्यांचं ऑफिस होतं ते, गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्यावर १८६३ मधे तिथेच सही केली). क्लिंटनच्या वेळी त्या मजल्यावर रात्री राहून गेलेल्यांची यादी १९९७ मधे बाहेर आली, ९३८ माणसं. त्यात मुलीच्या मैत्रिणी होत्या, आर्कान्सामधले जुने दोस्त होते आणि पक्षाला मोठमोठ्या देणग्या देणारेही होते. एक रात्र झोपायची खोली म्हणजे देणगीची पोचपावती झाली होती. आता त्या देणगीदाराने सकाळच्या अंड्याचे आणि कॉफीचे पैसे दिले की नाही ह्याने काय फरक पडतो? बिल चोख असेल आणि यादी गुप्त, तर उपयोग शून्य.

खाजेवाला_मालवणी
वहिनी एक इचारतंय, ओबामाची सासू तकडेच ऱ्हवत होती मा? ती पाव्हणी की घरची? तिच्या नाश्त्याचा बिल कोणाच्या नावार?

जर्सीची_वहिनी
हो, मिशेलच्या आई मेरियन रॉबिन्सन नातींसाठी म्हणून आल्या आणि तिसऱ्या मजल्यावर राहिल्या आठ वर्षं. घरच्याच धरायच्या त्या. जावयाने भरलं असेल बिल, आणि काय 😄

खाजेवाला_मालवणी
म्हणजे अमेरिकेत पण जावयाकच भुर्दंड.

दिल्लीत_वीस_वर्षं
सगळे बिलावर भांडताय पण खोल्यांचं काय ते बघा. १९४८ मधे राजाजी (सी. राजगोपालाचारी) गव्हर्नर जनरल म्हणून आले तेव्हा व्हाइसरॉयच्या त्या राजेशाही दालनात झोपायला त्यांनी साफ नकार दिला आणि बाजूच्या थोड्याशा साध्या खोल्या घेतल्या. त्याच पुढे राष्ट्रपतींचा फॅमिली विंग झाल्या, आणि व्हाइसरॉयची दालनं झाली गेस्ट विंग. म्हणजे गंमत अशी की त्या घरात पाहुण्याची खोली मालकाच्या खोलीपेक्षा थाटाची आहे. द्वारका आणि नालंदा अशी नावं आहेत त्या सूट्सना.

आता तिथे उतरतं कोण? परदेशी पाहुणे बहुतेक हॉटेलात जातात. ओबामा दोन्ही वेळा आयटीसी मौर्यला, ट्रम्प २०२० मधे तिथेच. २०१७ मधे शेख हसीना राष्ट्रपती भवनात राहिल्या त्याची बातमी झाली, कारण तेव्हाचे राष्ट्रपती प्रणबदा (मुखर्जी) यांच्याशी घरोबा होता. मग खोल्या आहेत, पलंग आहेत, चादरी आहेत, माणसं पगारी आहेत, राष्ट्रपतींचा चुलतभाऊ दोन रात्री झोपला तर सरकारचं नेमकं काय गेलं? थोडं पाणी, थोडी वीज, चार पोळ्या. २०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट, तिथल्याच एका महिला सीआरपीएफ अधिकाऱ्याचं लग्न आवारातल्या मदर तेरेसा क्राऊन कॉम्प्लेक्समधे लावायला मुर्मू मॅडमनी परवानगी दिली, लोकांनी कौतुकच केलं ना? ते चालतं आणि नातेवाईक आले की लगेच पावतीबुक?

वेताळटेकडींना हिशोबाची एवढी काळजी असेल तर ३३० एकरांच्या त्या सगळ्या आवाराची देखभाल बघा, तिथे खरा पैसा जातो.

रिटायर्ड_बाबू
मी सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली, बरीच वर्षं विश्रामगृहाचं काम माझ्याकडे होतं, म्हणून लिहितो. "खोली रिकामीच होती" हे वाक्य मी जेवढ्या वेळा ऐकलंय तेवढ्या वेळा "नमस्कार" पण ऐकला नसेल. साहेबांचे साडू येतात, खोली रिकामीच होती. आमदारांचे कार्यकर्ते येतात, खोली रिकामीच होती. आमच्याकडे रजिस्टर असायचं, त्यात एक रकाना, मुक्काम शासकीय कामासाठी की खाजगी. शासकीय लिहिलं की दर नाममात्र, खाजगी लिहिलं की दर जास्त. आणि खानसाम्याच्या हातात जेवणाचे पैसे वेगळे. रकाना भरताना लोकांचं पेन कसं अडखळायचं ते बघण्यासारखं असायचं. पैसे फार नसायचे हो, पण "खाजगी" असं स्वतःच्या हाताने लिहायला जड जायचं.

दिल्लीवाल्या साहेबांना माझं एवढंच सांगणं आहे की खर्च किती वाढला हा प्रश्न दुय्यम. एकदा मुक्कामाची नोंद व्हायला लागली की आपोआप ज्यांनी यायला नको ते येत नाहीत. आणि अमरावतीकरांचा पगाराचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर उपाय म्हणजे खोलीचं भाडं घेऊ नका, फक्त खाण्याचं घ्या. अमेरिकेत तसंच दिसतंय वहिनींच्या लिहिण्यावरून.

लीगल_लिंबू
बाबूकाकांचा तोडगा मला चालेल, ५९(३) ला धक्का लागत नाही. पण नावं जाहीर करायला माझा विरोध आहे आणि राहील. राष्ट्रपतींची बहीण आजारी आहे, उपचारासाठी दिल्लीत येऊन राहिली, हे देशाला कळायची गरज काय? घराणं, आजारपण, भांडणं, सगळं बाहेर येणार. वहिनी ज्या यादीबद्दल बोलतायत त्यात मुलीच्या मैत्रिणी पण मोजल्या होत्या, त्या शाळकरी पोरींचा काय दोष होता?

जर्सीची_वहिनी
मुलीच्या मैत्रिणींचं पटतं. मग असं करा, घरचे आणि लहान मुलं सोडून बाकीची नावं, आणि तीही कार्यकाळ संपल्यावर. पदावर असताना कशाला.

अमरावतीकर
आन् "घरचे" कोण हे कोण ठरवणार? आमच्याकडे तं अर्धा तालुका घरचा असते.

वेताळटेकडी
ठीक, वहिनींचा मुद्दा घेतो, नुसत्या बिलाने भागत नाही. तरी बिल हवंच, ह्यावर मी ठाम. माहिती अधिकारात राष्ट्रपती सचिवालयाकडे अर्ज टाकतोय, १० रुपये तर फी आहे. गेल्या ५ वर्षांत खाजगी पाहुण्यांवर किती खर्च झाला, असं विचारतो.

रिटायर्ड_बाबू
असं मोघम विचाराल तर "मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं एका ओळीत उत्तर येईल, मी स्वतः अशी उत्तरं टाईप केलीयत. खर्च विचारू नका आधी. विचारा की राष्ट्रपतींच्या खाजगी पाहुण्यांच्या निवास आणि भोजनाच्या आकारणीबाबत जो आदेश, परिपत्रक किंवा दरपत्रक सध्या लागू असेल त्याची प्रत द्या. कागद असेल तर द्यावा लागतो, नसेल तर "नाही" असं लिहून द्यावं लागतं. दोन्हीपैकी काहीही आलं तरी तुमच्या कामाचं. नावं तर मुळीच मागू नका, वैयक्तिक माहितीची सूट लावून अख्खा अर्ज परत येईल.

खाजेवाला_मालवणी
आणि उत्तर इला की हय चिकटवा. तवसर मी मामाक चाय पाजतंय, बिन पावतीची.