आरएक्स १०० चा पिकअप वाढवाचा हाये, आधी काय करू?

भाऊ लोकहो, बाबाची जुनी यामाहा आरएक्स १०० (टू-स्ट्रोक गाडी) हाये, वणीकडे रायतो. ९८ सीसी, कंपनीची ११ एचपी. इंजिनचा बोअर मागच्या साली केला. आता पोर्टिंग (सिलिंडरची भोकं घासून मोठी करणं) करू का चेंबर (फुगीर रेसिंग सायलेन्सर) टाकू? पैसे एकाचेच हायेत. वावरात बी जाते गाडी.

↳ पोर्टिंग नोको करू बे. एक्झॉस्ट पोर्ट (धूर निघाचं भोक) वर घासला का टॉपले पळते पण खालचा दम जाते, अन् घासलेलं लोखंड वापस येत नाही, चिखलात क्लच जाळत बसशीन.

↳ चेंबर टाकशीन तं कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बी बदलव. मी मे महिन्यात ४५ डिग्रीत जेटिंग केलं, मस्त चालली, अन् डिसेंबरात सकाळी पिस्टन जाम! थंडीत हवा घट्ट रायते, मिक्श्चर लीन होते, म्हंजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडते. मोठ्या जेटपासून खाली ये, प्लग चॉकलेटी दिसला पायजे.

↳ आधी इंजिनातल्या क्रँकचे ऑइल सील (रबरी रिंगा) पाय, तिथून हवा घेत असन तं कायी बी टाक, फुकट. वावरासाठी मागचं स्प्रॉकेट दोन दात मोठं टाक, टॉप थोडा कमी होईन.

↳ बरं, सील अन् स्प्रॉकेटच करतो. चेंबरचा आवाज आयकून बाबा घरातून काढन तसा बी 😅