मदत हवी आहे: कॅम्परचा पंप आपोआप घुरघुरतोय, आणि सोमवारी त्याच जागेवर माती यायची आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही मिशिगनमध्ये, डेट्रॉइटजवळ राहतो. दोघंही रिटायर्ड. गाडीमागे ओढायचा २४ फुटी कॅम्पर, म्हणजे राहायचा ट्रेलर आहे, २०१८ चं मॉडेल, सेकंडहँड घेतलेला. आजवर त्याचं सगळं हेच बघायचे, माझ्याकडे डबे आणि अंथरुणं. यंदा जानेवारीत यांचा गुडघा बदलला, त्यामुळे वाकणं आणि ट्रेलरखाली सरपटणं बंद. हे खुर्ची टाकून बसतात आणि तिथून सूचना सोडतात, पाना माझ्या हातात. लग्नाला ३८ वर्षं झाली, अशी अदलाबदल पहिल्यांदाच.

आज सकाळी शेजाऱ्याने स्टोरेजमधून ट्रेलर ओढून आणून दिला. यांच्या वहीत लिहिल्याप्रमाणे हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून भरलेलं गुलाबी अँटिफ्रीझ काढायला घेतलं. टाकीत पाणी भरलं, पंप चालू केला, एकेक नळ उघडून गुलाबी पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत सोडलं. इथवर छान. मग सगळे नळ बंद केले तरी पंप दर चार-पाच मिनिटांनी दोन सेकंद 'घुर्र' करून थांबतो. सिंकखाली हात फिरवला, कोरडं. टॉयलेटमागे कोरडं. यांचं निदान: "पंप म्हातारा झालाय, माझ्यासारखा."

बाकीचे प्रश्न:

हीटरचं बटण अजून दाबलेलं नाही. गरम पाण्याच्या नळाला धार चांगली आहे, म्हणजे हीटरची टाकी भरली असं समजायचं का?

टाकी ब्लीचने धुवायची आहे. ४० गॅलनची आहे. वहीत नुसतं 'थोडं ब्लीच' लिहिलंय. थोडं म्हणजे किती हो? हा माणूस आमटीत मीठसुद्धा मोजून घालतो.

टायरवर शेवटचे चार आकडे ३४१७ आहेत. नक्षी अजून नव्यासारखी आहे, चालतील ना?

घाई का, तर आमच्या वसाहतीच्या असोसिएशनच्या नियमाने ट्रेलर ड्राइव्हवेवर ४८ तासच ठेवता येतो. आणि सोमवारी दुपारी नेमक्या त्याच जागेवर अडीच घनयार्ड माती येऊन पडणार आहे. परसात ४ बाय ८ फुटांचे, फूटभर उंच दोन वाफे केलेत. मेथी, वाल, आणि तळघरात जपलेले अळूचे कंद. हरणांसाठी कुंपणाचे खांबही रोवायचे आहेत. मेच्या तिसऱ्या आठवड्यात मिशिगन सरोवराकाठच्या स्लीपिंग बेअर ड्यून्सला चार रात्री जायचंय. मागे वाळलेला अ‍ॅशचा वृक्ष पाडला होता, त्याची लाकडं शेकोटीला न्यावीत असं हे म्हणतात.

जाणकारांनी प्रकाश टाकावा. टॉर्च मी धरते.

प्रतिसाद १

ताई, पंपाला म्हातारा ठरवायच्या आधी एक करा. पंप बंद ठेवून बागेचा पाइप ट्रेलरच्या बाहेरच्या जोडणीला लावा, मध्ये प्रेशर रेग्युलेटर हवाच. टाकीतलं पाणी आपोआप वाढत असेल, तर पंपातला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह गेलाय. वाढत नसेल तर गळती आहे. मग प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू गुंडाळा आणि अर्ध्या तासाने बघा. हाताला ओल कळत नाही, टिश्यूला कळते.

माझा संशय बाहेरच्या शॉवरवर आहे, बाजूच्या छोट्या झाकणामागचा. शरद ऋतूत ट्रेलरच्या आतल्या सगळ्या नळांत अँटिफ्रीझ खेळवतात आणि हा बिचारा राहतो. आत पाणी गोठलं की प्लॅस्टिकला तडा. तिथेच निघाली गळती, तर हाताने दाबून बसणाऱ्या अर्ध्या इंचाच्या दोन कॅप हार्डवेअरच्या दुकानात मिळतील. गरम-गार दोन्ही पाइपांना लावून टाका. शॉवर सावकाश बदला.

हीटरचं बटण दाबू नका! बायपास (हिवाळ्यात हीटरची टाकी वगळून पाणी पुढे नेणारी वाट) चालू असेल तर टाकी ठणठणीत रिकामी असतानाही गरम नळाला धार येते. आधी बायपासचे व्हॉल्व्ह फिरवा, मग बाहेरून हीटरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी हलकेच उचला. पाणी आलं तर टाकी भरली. कोरड्या टाकीत विजेची कॉइल बघता बघता जळते. मी जाळलेली आहे.

ब्लीच: १५ गॅलनला पाव कप. तुमच्या टाकीला पाऊण कपाला थोडं कमी. बिनवासाचं, साधं. सगळ्या नळांना वास येईपर्यंत सोडा, रात्रभर ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. ट्रेलर परत जाताना सगळं पाणी काढून टाका. एप्रिलच्या रात्रींचा भरवसा नाही.

प्रतिसाद २

३४१७ म्हणजे २०१७ चा ३४ वा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजून नाही, वयाने जातात. उभ्या उभ्या रबर आतून सुटतं. पाच-सहा वर्षांनी बदलतात. हायवेवर फुटला तर चाकावरचा पत्रा आणि खालची वायरिंगही घेऊन जातो. साहेबांना सांगा, नक्षी बघू नका.

लाकडं अजिबात नेऊ नका. एमराल्ड अ‍ॅश बोरर हा किडा २००२ मध्ये तुमच्याच भागात पहिल्यांदा सापडला. वृक्ष वाळला तो बहुधा त्यानेच, आणि लाकडाबरोबर तो दुसरीकडे पसरतो. लाकूड जिथे जाळायचं तिथेच विकत घ्या.

खांब रोवण्याआधी ८११ ला फोन करा, जमिनीखालच्या तारा-पाइप कुठे आहेत ते दाखवून देतात, फुकट असतं. सुट्ट्या सोडून तीन दिवस आधी सांगावं लागतं. गॅसला पिवळे, विजेला लाल झेंडे लावून जातात.

प्रतिसाद ३

मदत शून्य, पण वाचतोय. पुण्यात गॅलरीतल्या चार कुंड्यांना माती आणली तर माझी कंबर आठवडाभर बोलत होती. अडीच घनयार्ड म्हणजे अडीच टनांच्या आसपास हो!

धागाकर्ती, रविवार रात्र

शॉवरच! टाकी वाढली नाही, म्हणून टिश्यू गुंडाळले. ट्रेलरच्या आतले सगळे कोरडे. बाहेरच्या शॉवरमागे, गार पाण्याच्या बाजूचा तेवढा भिजून लोळागोळा. आत बोटाच्या पेराएवढी उभी चीर. यांना दाखवली तर चष्मा लावून दोन मिनिटं बघत राहिले, मग वही मागून घेतली आणि 'बाहेरचा शॉवर' असं स्वतःच्या हाताने लिहिलं. खाली रेघ ओढली.

कॅप बसवल्या, पंप तासभर गप्प आहे. बायपास खरंच चालूच होता. सेफ्टी व्हॉल्व्हमधून आधी फुस्स हवा आली, टाकी भरल्यावर पाणी. आज ब्लीच घालून ठेवलंय. उद्या पहाटे धुऊन, सगळं काढून ट्रेलर नऊला परत. माती दोनला.

टायरवर मात्र घरात अजून चर्चा चालू आहे. हे म्हणतात, "एक सीझन काढतील." प्रतिसाद २ वाल्यांनी पत्रा फाटल्याचा फोटो असेल तर इथे टाकावा, मी छापून फ्रिजवर लावते.